ऑपरेटरला जपानीत काय म्हणतात?

बोईसरच्या नवापूर रोडला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई जपानी शिकवतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खरंच वाटलं नाही. खाली तारा, खिळे, पाइपांचे तुकडे, वजनकाट्यावर आदळणाऱ्या साखळ्या आणि वर जपानी! पण आमच्या कारखान्यातल्या मॅनेजर साहेबांनीच पत्ता दिला होता. आमची कंपनी अर्धी जपानी मालकीची होती. पंपातून पाणी किंवा केमिकल गळू नये म्हणून आत ज्या गोल कड्या बसवतात, त्या सीलच्या कड्या आम्ही बनवत होतो. मी क्वालिटी विभागात कागदपत्रं सांभाळायचे. माझे यजमान तारापूरच्या वीज केंद्रात, राहायला घिवलीजवळची कॉलनी, आणि मूळची मी जळगावची. साहेब म्हणाले, "तुम्ही थोडं जपानी शिकून घ्या, मेल तरी वाचता येतील." म्हणून एका रविवारी सकाळी मी तो लोखंडी जिना चढले.

अर्ध्या जिन्यातच बाईंचा आवाज ऐकू आला. भांडण चाललंय असं वाटून मी थबकले. दारातून पाहिलं, तर एक ठेंगणी, ठसठशीत बाई, केसांत अबोलीचा वळेसर, मनगटावर पुरुषी घड्याळ, पोरांकडून आकडे म्हणून घेत होती. "इची! नी! सान!" खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

जयवंती तांडेल. समुद्रकाठच्या दांडी गावच्या. लहानपणापासून किनाऱ्यावर उभं राहून होडीतल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळे हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. जपानी माणसं एकमेकांशी किती हलक्या आवाजात बोलतात! आमच्या कंपनीत दुभाष्याचं काम आणि जपानी कागदांवर सहीही बाईंचीच; मीटिंगमध्ये त्या तोंड उघडत, आणि समोरचे तिघे जपानी एकदमच खुर्चीत मागे सरत. पण पाच मिनिटांनी तेच तिघे पुढे झुकून ऐकत असत, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बाई पूर्वी औषधांच्या एका कारखान्यात टायपिस्ट होत्या. तिथे मशीन बसवायला जपानी तंत्रज्ञ आले, महिनाभर राहिले. त्यांच्या वह्यांमधली अक्षरं बघून बाईंना वेडच लागलं. शनिवारी अर्धी सुट्टी घेऊन मुंबईला क्लास, रविवारी पाठांतर, अशी चार वर्षं काढली. वडील होडीवर तांडेल. ते म्हणायचे, "पोरी, मासं विकायला जपानी लागतंय काय?" पण क्लासच्या दिवशी पोरीचा डबा स्वतः उचलून फाट्यापर्यंत सोडायला तेच यायचे.

बाईंची पहिली फजिती त्या दर नव्या तुकडीला पहिल्याच तासाला सांगायच्या, आणि तीही अशा रंगवून की फजिती दुसऱ्याच कुणाची झालीय असं वाटावं. दुभाषी म्हणून नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. कारखान्यातल्या कामगारांचा तक्ता जपानीत करायचा होता. प्रत्येकाच्या नावापुढे ऑपरेटर, ऑपरेटर, ऑपरेटर. बाईंनी शब्दकोश उघडला, ऑपरेटरपुढे पहिलाच शब्द दिसला, 'कोकान्शु', तोच बेचाळीस वेळा लिहिला. जपानी पाहुणे आले. दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्यातल्या म्हाताऱ्याने फार अदबीने विचारलं, "आपल्याकडे इतके टेलिफोन कुठे ठेवले आहेत?"

"कारण कोकान्शु म्हंजे टेलिफोन एक्स्चेंजवर तारा जोडणारा!" बाई टेबलावर हात आपटायच्या. "बेचाळीस टेलिफोनवाले! आणि आमच्या हापिसात फोन एकच, त्याचीबी डायल मोडलेली!"

सगळा वर्ग हसत असतानाच बाई एकदम गंभीर व्हायच्या. "कोशाचा दोष नाय. कोशाला माणूस दिसत नाय. तो बघायचं काम आपलं."

त्यांचं शिकवणं सगळं असंच चाले. त्यांना धंद्याचे शब्द फार आवडत. क्रियापदं, प्रत्यय हे सगळं त्या भराभर उरकून टाकत आणि मग 'ड्रायव्हर'वर अख्खा तास घालवत. रिक्षावाल्याला काय म्हणायचं, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला काय, क्रेनवर बसलेल्याला काय. एका पोराने सरळ इंग्रजी शब्दच जपानी उच्चारात लिहून टाकला, "माझे वडील दोराइबा आहेत." बाईंनी वही वर धरली. "कुठला रे? चपट्या तोंडाचा का स्टारचा? जपानीत नुसतं दोराइबा म्हटलं की स्क्रू पिळायचा दोराइबापण होतो!" आणि मग त्या पोराला खाली पाठवलं, "जा, नाक्यावर तीन ड्रायव्हर गाठ, दिवसभर काय करतात ते इचारून ये, मग शब्द देते."

एकदा मी विचारलं, "बाई, तुमच्या वडिलांना काय म्हणायचं?"

बाई फळ्याकडे वळल्या आणि दोन अक्षरं काढली. "कोळ्याला म्हणतात ऱ्योशी. आणि रानात शिकार करणाऱ्यालाबी ऱ्योशी! बोलताना फरक नाय. लिहिताना बघ, ह्याच्यात डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब, बाजूला मासा. ह्याच्यात जनावर. पण माझा बाप नुसता ऱ्योशी नाय. होडीवर खलाशी पाच असतात, तांडेल एकच. वारा कुठला, जाळं कुठं टाकायचं, परत कधी फिरायचं, ते तांडेल सांगतो. तर त्याला मी सेंदो म्हणते. सेन्चो म्हटलं तर मोठ्या जहाजाचा कप्तान होतो. मग बापाला टोपी घालावी लागंल."

आता मुख्य गोष्ट सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

आमच्या कारखान्यात नवी ऑटोमॅटिक लाइन येणार होती. जपानहून मेल आला: कारखान्यातल्या लोकांची यादी, प्रत्येकाच्या कामाच्या नावासकट, जपानीत पाठवा. नव्या लाइनमुळे कोणती कामं लागणार नाहीत, ते त्यावरून ठरवू. महिन्याभरात त्यांचे इंजिनियर नागाई-सान स्वतः येणार होते. इंग्रजी यादी माझ्याकडेच तयार होती. तिच्यात चाळीस जणांपुढे एकच शब्द, ऑपरेटर. साहेबांनी ती मुंबईच्या एका एजन्सीकडे पाठवली. एजन्सीने अर्ध्या दिवसात परत केली आणि चाळीसही जणांपुढे लिहिलं, 'साग्योइन'. तांडेल बाईंना फक्त शेवटची नजर टाकून सही करायला बोलावलं होतं.

बाईंनी यादी वाचली, चष्मा काढला. "साग्योइन म्हंजे हातातलं काम करणारा. सांगितलं ते करणारा. वाईट शब्द नाय. पण चाळीसच्या चाळीस?"

"बाई, ऑपरेटर म्हणजे ऑपरेटर," साहेब म्हणाले. "सगळ्यांची ग्रेड एकच आहे. संध्याकाळपर्यंत पाठवायचंय."

"मला माणसं दाखवा."

"कशाला?"

"शब्द द्यायचा ना? मग बघायला नको?"

साहेब चिडले. पण सही बाईंची लागणार होती, आणि त्या खुर्चीतून उठून थेट शॉपकडे निघाल्यासुद्धा. साहेबांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, जा मागे. मी वही घेऊन पळाले.

ते दोन दिवस! मी त्या कारखान्यात सहा वर्षं होते, पण कारखाना पाहिला तो त्या दोन दिवसांत. बाई एकेका मशीनपाशी उभ्या राहत. प्रश्न दोनच. "तू काय करतोस?" आणि "हे बिघडलं तर काय करतोस?" पहिल्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर सारखंच, "ऑपरेटर हाय." दुसऱ्या प्रश्नावर माणसं वेगवेगळी होत. कुणी म्हणे, लाल दिवा लागला की सुपरवायझरला हाक मारतो. बॉयलरवरचा यादव म्हणाला, "हाक मारेपर्यंत वेळ कुठे असतो मॅडम? आवाज बदलला की मीच व्हॉल्व्ह कमी करतो." बाईंनी माझ्या वहीत त्याच्यापुढे लिहायला लावलं, 'उन्तेन-इन', म्हणजे चालती यंत्रणा सांभाळणारा. जुन्या लेथवरच्या तिघांपुढे 'जुकुरेन्को', हात तयार झालेला कारागीर. माझा उत्साह इतका वाढला की जेवणाच्या सुट्टीतही मी बाईंच्या मागे होते. त्यांच्या डब्यातली बोंबलाची चटणी खात आम्ही शब्दांवर वाद घालत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लॅपिंगच्या खोलीत गेलो. तिथे लक्ष्मण वरठा काम करत. मनोरच्या पुढच्या पाड्यावरून येत. पन्नाशी उलटलेली. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचे. बिडाच्या जाड प्लेटवर पेस्ट लावून कडी घासायची, घासत राहायची, ती आरशासारखी सपाट होईपर्यंत. बस, हेच काम.

"लक्ष्मणदादा, काय करता?"

"घासतो बाय. दुसरं काय."

"बिघडलं तर?"

ते हसले. "बिघडायच्या आधी समजतंय ना. प्लेटवर कडी कशी सरकते, आवाज कसा येतो. उंच असंल तिथं अडखळते."

बाई तिथे दीड तास बसल्या. एका पिंपावर, पदर कमरेला खोचून. एक शब्द बोलल्या नाहीत! मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं ना त्याआधी कधी पाहिलं ना त्यानंतर. उठल्या तेव्हा मला म्हणाल्या, "लिही. शोकुनिन."

"म्हणजे?"

"ज्याचं काम हाच त्याचा धर्म, असा कारागीर. जपानी माणूस हा शब्द उगाच कुणाला देत नाय. म्हणून मीबी एकालाच देते."

मग एक नाव उरलं. पॅकिंगच्या आधीच्या मशीनवरचा नितीन. हा बाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्यांनीच त्याला लावून घेतलं होतं. तो आम्हाला बघून आधीच हसत होता.

"मावशी, माझं काय लिवलंस?"

"हे बिघडलं तर काय करतोस?"

"हाक मारतो. अजून काय?"

बाईंनी माझ्या वहीकडे बोट केलं. मग मला म्हणाल्या, "साग्योइन."

"मावशी! वरठाला मोठा शब्द आणि मला..."

"तुला येतंय ते लिवलंय, बाळा. खोटा शब्द दिला तर खरे शब्दबी खोटे पडतील."

नितीनने हातातली कडी खोक्यात टाकली आणि तोंड फिरवलं. परतताना बाई भराभर पुढे चालत होत्या. मी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "बहिणीला आता काय सांगू, ते इचार करते."

साहेबांनी यादी पाहून डोक्याला हात लावला. एका ऑपरेटरचे चार-चार शब्द! "हे बदला," ते म्हणाले. "नागाई-सान विचारतील तेव्हा मी काय उत्तर देऊ?"

"मला इचारू देत. सही माझी हाय."

यादी तशीच गेली. आठवडाभर काहीच उत्तर नाही. मग एका ओळीचा मेल आला. मी तो दोनदा वाचला. नागाई-सान यांनी लिहिलं होतं: यादीतल्या शोकुनिनला भेटायची इच्छा आहे.

नागाई-सान आले. उंच, पांढरे केस, अजिबात न हसणारे. मीटिंग रूममधला चहा तसाच ठेवून म्हणाले, आधी ते शोकुनिन. साहेब गडबडीने उठले. बाई पुढे, मी शेवटी.

लॅपिंगच्या खोलीत लक्ष्मणदादा उभे राहिले आणि हात पुसू लागले. नागाई-साननी खिशातून मऊ कापडात गुंडाळलेली एक कडी काढली. ती जपानमध्ये, नव्या ऑटोमॅटिक मशीनवर तयार झालेली होती. बाईंच्या तोंडून त्यांनी विचारलं, "ही कशी आहे?"

साहेब हळूच म्हणाले, "चांगली म्हण रे बाबा."

लक्ष्मणदादांनी कडी प्लेटवर ठेवली. दोन बोटांनी हळू फिरवली. एकदा. दोनदा. कान थोडा खाली. तिसऱ्यांदा थांबले, कडीच्या एका जागी अंगठा ठेवला.

"हितं उंच हाय. थोडीच."

बाईंनी जपानीत सांगितलं. त्यांचा आवाज मुळीच कमी झाला नव्हता, त्यामुळे सगळ्या खोलीला कळलं. नागाई-सानचा चेहरा तसाच. त्यांनी कडी उचलली, कोपऱ्यातल्या पिवळ्या दिव्याखाली नेली आणि वर सपाट काच ठेवली. कडी सपाट असेल तर काचेतून दिसणाऱ्या रेघा सरळ दिसतात, कुठे उंच असेल तर तिथे वाकतात. आम्ही सगळे पुढे झुकलो. रेघा सरळ होत्या. सरळ, सरळ... आणि जिथे लक्ष्मणदादांनी अंगठा ठेवला होता, बरोब्बर तिथे, केसाएवढ्या वाकल्या होत्या!

माझ्या तोंडून "बाई!" असं जोरात निघालं. कुणाला ऐकूच आलं नाही, कारण त्याच वेळी बाईंनी टाळी वाजवली होती.

नागाई-साननी काच पुसून पुन्हा ठेवून पाहिली. मग लक्ष्मणदादांकडे वळले आणि कमरेतून वाकले. लक्ष्मणदादा गोंधळून नमस्कार करत म्हणाले, "बाय, हे काय करतात?"

"तुमची ओळख करून घेतात," बाई म्हणाल्या.

नंतर नागाई-साननी एकच प्रश्न विचारला: बाकीच्या शब्दांवरही एवढाच विश्वास ठेवू का? बाई म्हणाल्या, "एक साग्योइन माझ्या घरातला हाय. त्यावरून ठरवा."

नवी लाइन आली. लॅपिंगची खोली मात्र तशीच राहिली, आणि लक्ष्मणदादांच्या हाताखाली दोघे शिकायला दिले. लेथवरचे तिघे आणि यादव टिकले. काही जणांना दुसऱ्या कामाला लावलं, काहींना जावं लागलं. नितीनचं मशीन गेलं. त्याला पॅकिंगला टाकलं, तर तो रागाने वापीला निघून गेला. बाईंच्या बहिणीने दोन वर्षं त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही. गणपतीला बाई तिच्या दारापर्यंत जाऊन परत येत. मी एकदा धीर करून विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

"वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "त्याला लावून घेतला ना, तेव्हाच सांगायला पायजे होतं, नुसता हाक मारणारा राहू नको म्हणून. ते नाय सांगितलं. ती माझी चूक. शब्दाची नाय."

त्यानंतर वर्षभराने माझ्या यजमानांची बदली ठरली. कारखान्यातली नोकरी सोडून मी सामान बांधायला लागले. बाईंना भेटायला जाणार होतेच, पण भेट झाली ती अचानक, पालघरच्या एसटी स्टँडवर, भर दुपारी. मी दाखल्याच्या कामासाठी गेले होते आणि परतीच्या बोईसर गाडीत बसले होते. खिडकीतून तो ओळखीचा आवाज आला. स्टँडवरची सगळी माणसं वळून बघत होती, कारण एक बाई छत्री बगलेत धरून मोबाइलवर जपानीत बोलत होती.

शेजारी सफाळ्याची एक मुलगी होती, बाईंच्याच क्लासची, आणि तिचे वडील, भाताची शेती करणारे. मी खाली उतरले. मुलीने मला भराभर सांगितलं. जपानला वृद्धाश्रमात नोकरी मिळत होती. कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं अटेंडंट. एजंट म्हणाला, आजाऱ्यांची सेवा, अजून काय. पण बाईंना चैन पडेना. त्यांनी नंबर मिळवून थेट त्या वृद्धाश्रमालाच फोन लावला होता.

बाईंनी फोनवर हात ठेवला. डोळे चमकत होते. "अगो, हे कपडे धुवायच्या खात्यातलं हाय! दिवसभर मशीन आणि चादरी. म्हाताऱ्या माणसांजवळ जायला मिळणारच नाय." मग मुलीला, "तुला काय पायजे? धुणं का माणसं? धुणंबी काम हाय, लाज नाय. पण आता ठरव."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "तुला जायचंय, तू बोल."

"माणसं," मुलगी म्हणाली.

"मग चला एजंटकडे!" बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू? कदी जातेस?"

"पुढच्या आठवड्यात."

त्यांनी माझा गाल जोरात दाबला, काहीतरी बोलणार होत्या, पण फोनमधून पलीकडचा माणूस हॅलो-हॅलो अशा अर्थाचं "मोशी मोशी" करू लागला आणि कंडक्टरने घंटी मारली. मी पळत गाडीत चढले.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि लगेच थांबली. पुढे बाई रस्ता ओलांडत होत्या. मागे मुलगी, तिच्या मागे वडील. एका हाताने छत्री उभी धरून बाईंनी माल भरलेला एक ट्रक आणि आमची एसटी, दोन्ही अडवून धरली होती. दुसऱ्या हातात फोन. आणि पलीकडच्या माणसाने मुलीला म्हाताऱ्यांजवळचं काम द्यायला बहुतेक होकार दिला असावा, कारण भर रस्त्याच्या मधोमध, हॉर्न वाजत असताना, बाई फोन कानाला लावून कमरेतून वाकल्या. एकदा. मग पुन्हा, आणखी खाली. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून बघत राहिला, आणि त्याने हॉर्नवरचा हात काढून घेतला.